जर्मन गाडीचा बेंदूर

गाडी साताऱ्याला आणायची आणि घरच्या घरी दुरुस्त करायची, एवढंच वरदनं ठरवलं होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लाज नंतर आली, आणि तीही एकदम नाही. आधी तिनं आपली चुलतभावंडं पाठवली, मग ती स्वतः आली आणि मुक्कामाला राहिली.

गाडी होती वरदच्या सासुरवाडीला, मिरजेपलीकडं, जिथून कर्नाटकची हद्द सायकलवर जाऊन येण्याइतकी जवळ आहे. सत्तरच्या सुमाराला एक जर्मन जोडपं ती गाडी थेट आपल्या देशातून चालवत मिरजेला आलं होतं. नवऱ्याला सतार करून घ्यायची होती. सतार व्हायला वेळ लागला, तोवर पावसाळा लागला, बायकोला कावीळ झाली, आणि शेवटी दोघं सतार घेऊन विमानानं गेली. गाडी मात्र ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये लावून गेली. "परत येतो," म्हणाली. तो शेतकरी वारला, त्याचा मुलगा लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन घरी आला, त्याची मुलगी साक्षी वरदला दिली, तरी ती जर्मन दोघं काही आली नव्हती. पण शब्द दिलेला असल्यामुळं गाडी कुणी हलवली नव्हती. कोंबड्यांनी कुणालाच शब्द दिलेला नव्हता, त्या आत राहत.

वरदनं गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो नवा जावई होता आणि त्याला जेवणानंतर करण्यासारखं काही नव्हतं. गाडी खालून निळी, वरून पांढरी. आत बसायचा बाक उलगडला की त्याची खाट व्हायची, कोपऱ्यात छोटं बेसिन, शेजारी स्टो ठेवायची जागा, आणि छप्पर छत्रीसारखं वर उचलता येईल अशी सोय. चाकांवरचं घर. वरद एमएस्सी, विषय भौतिकशास्त्र. त्यानं बिजागऱ्या पाहिल्या आणि तो हरखला.

"न्ह्यायची तर न्ह्या," लालासाहेब म्हणाले. "पन मोडीत घालायची न्हाई. ती मानसं आली तर चालती गाडी दावाय पायजे. तुमच्यानं हुईल का?"

हे शेवटचे तीन शब्द वरदला लागले. त्यांना इतिहास होता. लग्नात मांडवातली वीज गेली तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी भौतिकशास्त्राच्या नवरदेवाकडं आशेनं पाहिलं होतं, आणि वायरमन येईपर्यंत मांडव अंधारात राहिला होता. तेव्हापासून लालासाहेब जावयाशी आदरानं बोलत, पण त्याच्या हातात काही जड वस्तू देत नसत.

"होईल," वरद म्हणाला.

साताऱ्यात परतल्यावर त्यानं आलेखाचा कागद घेतला. तो एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं घ्यायचा आणि 'आधी मोजा, मग हात लावा' हे विद्यार्थ्यांना रोज सांगायचा. दुरुस्तीचे टप्पे पाडले. पहिला आणणे, दुसरा गंज काढणे, तिसरा इंजिन, चौथा ब्रेक, असं करत अकरावा टप्पा पडद्यांचा. प्रत्येक टप्प्याला वेगळ्या रंगाची पेन्सिल. साक्षीनं कागद पाहिला आणि पडदे शेवटी का, एवढंच विचारलं. वरदनं तिला कारण समजावून सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. लग्नाला वर्षच झालं होतं.

योजना गुप्त ठेवण्यासारखी नव्हती, आणि गोडोलीतल्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत ती ठेवताही आली नसती. समोरच्या गोदावरीकाकू नकाशा बघायला आल्या.

"त्यात मोरी आहे?"

"छोटं बेसिन आहे, काकू."

"आणि संडास?"

"नाही."

"मग माणसं जातात कुठं?"

"ती गाडी फिरायला जाण्यासाठी असते. जिथं सोय असेल तिथं थांबायचं..."

"म्हणजे घर चाकावर आणि माणसं झुडपाआड," काकू म्हणाल्या. "त्यापेक्षा महाबळेश्वरला एसटीनं जावं, संध्याकाळी परत यावं. आपल्या घरात आपलं आपण."

खालच्या मजल्यावरचे मधुकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीची रुंदी विचारली, खिशातून टेप काढला, फाटक मोजलं आणि समाधानानं मान हलवली. गाडी वीतभर जास्त होती.

"भिंत पाडावी लागणार."

"इतक्यात नको, काका. ते मी दुसऱ्या टप्प्याच्या आधी—"

पण मधुकाकांनी सगळी नोकरी निविदा निघाल्याशिवाय एक वीट न हलवता काढली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंडी आणला. एकाच बाजूनं पाडली तर वाईट दिसेल म्हणून दोन्ही बाजूंनी पाडली. आता फाटक जिथं होतं तिथं एक रुंद भगदाड झालं आणि त्यातून गल्लीतल्या गायी येऊन गोदावरीकाकूंची जास्वंद खाऊ लागल्या. गाडी कधी येणार, असं पूर्वी कौतुकानं विचारलं जाई. आता ते प्रत्येक फांदीमागं एकदा विचारलं जाऊ लागलं. लाजेचं पहिलं चुलतभावंड ते हे.

दुसरं वाहनांच्या सरकारी कचेरीत भेटलं. वरदनं जर्मन जोडप्यानं ठेवलेले कागद नीट फाइलला लावून नेले होते. टेबलामागच्या साहेबांनी वरचा कागद उजेडात धरला.

"इथं पश्चिम जर्मनी लिहिलंय."

"हो. तेव्हा दोन होत्या."

"आणि आता?"

"आता एकच आहे. नव्वद साली एकत्र आल्या."

"म्हणजे हा देश आता नाही."

"आहे. पूर्व जर्मनी पश्चिमेत आली, म्हणजे कायद्यानं पाहिलं तर हाच देश पुढं चालू आहे," वरद म्हणाला. त्यानं एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण अर्धवट उत्तर देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "नाहीसा झाला तो पूर्वेकडचा."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग त्यांचा ना हरकत दाखला लागेल."

"कुणाचा?"

"पूर्वेकडच्यांचा. मालकीत नवीन माणसं आलीत ना? उद्या ते हक्क सांगत आले तर?"

वरदनं फाइल पुन्हा पहिल्या कागदापासून उलटायला घेतली. शेवटी साहेबांनाच दया आली. ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघा मास्तर, इंजिन चालू केलं की ते वाहन. ओढत नेलं की ते सामान. सामानाला आम्ही विचारत नाही."

म्हणजे ओढून न्यायची. शेडपासून डांबरी सडकेपर्यंत ओढायची, तिथं सांगलीहून मागवलेल्या ट्रकवर चढवायची, की पहिला टप्पा पुरा. कशानं ओढायची यावर वरदनं दोन संध्याकाळी घालवल्या. ट्रॅक्टरचा हिसका गंजलेल्या सांगाड्याला सोसणार नाही, हे त्यानं गणितानं सिद्ध केलं. बैलांचा जोर सावकाश वाढतो आणि एकसारखा राहतो. लालासाहेबांकडं खिलारी जोडी होती. कागदावर त्यानं दोन बाण काढले आणि त्याखाली 'बैल' असं लिहिलं.

राहिली तारीख. रानं काळी, पावसात गाडी रुतणार, म्हणजे पावसाच्या आधी. महाविद्यालय सुरू होण्याच्या आधी. ट्रक मोकळा असेल तो दिवस. सगळं जुळवून जूनचा पहिला शनिवार निघाला. बँकेनं फुकट दिलेलं कॅलेंडर खिळ्यावर होतं, त्यात त्या दिवशी फक्त वटपौर्णिमा होती. तिचा बायकांशी संबंध, बैलांशी नाही. वरदनं तारखेभोवती गोल केला.

"त्या दिवशी आमच्याकडं बेंदूर असतो," साक्षी म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

वरदला बेंदूर माहीत होता. बैलांचा सण, त्या दिवशी बैलांना काम नाही, हे साताऱ्यातल्या शहरी माणसालाही माहीत असतं. त्यानं तो हिशेबात धरलाही होता. त्यानं कॅलेंडर खाली काढलं आणि पानं उलटून तिच्यापुढं धरलं.

"बेंदूर आषाढात. हा बघ. शिवाय यंदा अधिक आषाढ आलाय, म्हणजे जवळजवळ दोन महिने लांब आहे."

"आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर. तो ज्येष्ठात असतो."

"साक्षी, तिथी ही खगोलशास्त्रातली गोष्ट आहे. ती गावागणिक बदलत नाही. मिरजेला वेगळा चंद्र नसतो."

साक्षीनं ताटातला एक खडा उचलला, त्याच्याकडं पाहिलं आणि बाजूला ठेवला.

"बरं," ती म्हणाली.

वरदच्या जागी दुसरा कुणी असता तर त्या 'बरं'वर त्यानं रात्र काढली असती. वरदनं एसटीडी बूथवर जाऊन मेव्हण्याला, जयराजला, फोन लावला. वरद शहानिशा केल्याशिवाय पुढं जाणारा माणूस नव्हता, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

"शनिवारी बैल मोकळे असतील ना?"

"शनिवारी? मोकळेच की ओ दाजी. आख्ख्या गावाचे मोकळे."

"कामात नसतील? नक्की?"

"त्या दिशी कुठलं काम आलंय? तुमी या तर. आबा लय खूश हुतील."

कागदावर 'बैल' या शब्दापुढं वरदनं बरोबरची खूण केली.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं दोघं निघाली. साक्षी हिरवी साडी नेसली होती, उपास होता, आणि मिरजेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मिरज सोडून एसटी पूर्वेला लागली तसे रस्त्यानं बैल दिसू लागले. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, कपाळाला बाशिंगं. "आज कुठं तरी बाजार दिसतोय," वरद म्हणाला. साक्षीनं खिडकीची काच थोडी वर केली, एवढंच.

घराच्या अंगणात लालासाहेब उघड्या अंगानं बसून हरण्याच्या शिंगांना रंग देत होते. हरण्या म्हणजे त्यांचा लाडका खोंड, रंगानं हरणासारखा तांबूस. सबंध उन्हाळा त्याला अंडी आणि गूळ चारून त्यांनी तयार केला होता, कारण गावात दर बेंदराला हंबीररावांचा पांढरा बैल पहिला यायचा, आणि हंबीरराव हे सांगायला वर्षभर निमित्त शोधत असायचे. वरदला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त बैल दिसले, आणि ते मोकळे होते.

"या, जावईबापू," लालासाहेब मनापासून म्हणाले. "बेंदराला आलासा, लय बरं वाटलं."

वरदनं घड्याळ पाहिलं. "ट्रक सडकेवर येऊन थांबलाय. जू केव्हा लावायचं?"

चुलीपुढं वरदच्या सासूबाई, बनुबाई, पुरणपोळी उलटत होत्या. त्यांचा हात तव्यावरच राहिला. पोळी करपल्याचा वास आला तरी तो हलला नाही.

"आज?" लालासाहेब म्हणाले. "जू?"

"गाडी ओढायला. मी जयराजला विचारलं होतं—"

"आवं जावईबापू, आज बैलाच्या मानंवर माशी बसली तरी आमी हाकालतो."

जयराज कडब्याच्या पेंढीमागं गेला. वरदनं साक्षीकडं पाहिलं. ती पूजेचं ताट भरत होती: हळदकुंकू, आंबा, सुताची गुंडी.

"मी वडाला जाऊन येते," ती म्हणाली आणि निघून गेली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पुरणपोळी खावी, ट्रक परत पाठवावा, पुढचा शनिवार बघावा. पण ट्रकवाला धुळा सडकेवरून निरोप पाठवू लागला की दुपारनंतर तो थांबणार नाही. शिवाय साताऱ्यात भिंतीला भगदाड होतं, गोदावरीकाकूंच्या जास्वंदीला एकच फांदी उरली होती, आणि 'तुमच्यानं हुईल का' हे शब्द वरदच्या कानात होतेच. त्यानं शेडच्या दारात उभं राहून सडकेकडं जाणाऱ्या पाणंदीकडं पाहिलं. पाणंद दोन्हीकडच्या उसातून एकसारख्या उतारानं खाली जात होती.

"गुरुत्वाकर्षणाला बेंदूर नसतो," तो म्हणाला.

हे वाक्य त्याला त्या वेळी चांगलं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

"उतार तर हायच की दाजी," जयराज म्हणाला. फोनवरच्या बोलण्याचं त्याला वाईट वाटत असावं, म्हणून तो जास्तच उत्साहानं मदत करू लागला. "ढकलून देऊ. मोप पोरं हायत. वळणाला चाकाखाली दगड टाकून थांबवू, तितनं सडक जवळच हाय."

टायर वरदनं मागं एकदा येऊन घालून घेतले होते. प्रश्न दोनच राहिले. एक हँडब्रेकचा. तो गंजून वर चिकटून बसला होता. त्याला हातोडीनं टोले दिल्यावर तो सुटला, आणि मग दांडा वरदच्या हातातच आला. ब्रेक हा चौथा टप्पा होता. दुसरा प्रश्न बेसिनमध्ये बसला होता.

"खुडूक कोंबडी हाय ती," बनुबाई म्हणाल्या. "अंडी घातल्यात खाली. उठवू नगा, आत्ता पिल्लं निघायची येळ आलीया."

"मग गाडीचं कसं करायचं?"

"तिलाबी न्ह्या की सातारला. तितं पिल्लं हुत्याल."

वरदनं पुन्हा एकदा गणित केलं. उतार किती, वजन किती, जुन्या घट्ट झालेल्या वंगणाचा विरोध किती. उत्तर आलं ते चालत्या माणसाच्या वेगाचं. गणित बरोबर होतं. फक्त त्याला हे माहीत नव्हतं की सकाळी बैलांना तेल चोळताना जयराजनं उरलेलं डबाभर तेल गाडीच्या चारी चाकांच्या बुडात ओतलं होतं. सण होता. गाडीही घरचीच होती.

पोरांनी हात लावला. गाडी पंचवीस वर्षांच्या जागेवरून कुरकुरत निघाली, आणि मग कुरकुर थांबली. वरद स्टिअरिंगमागं बसला होता. जर्मन गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पहिले काही क्षण त्याला आनंद झाला. मग त्यानं आरशात पाहिलं तेव्हा पोरं पळत होती, पण लहान दिसत होती. वळण आलं. जयराजनं टाकलेल्या दगडावरून चाक उडी मारून गेलं आणि आत बेसिनवरून फडफड झाली.

आता खाली काय चाललं होतं ते सांगायला हवं. वेशीत कर बांधलेली होती. कर म्हणजे गवताचा जाड दोर, त्यात पिंपळाची पानं आणि नारळ ओवलेले, वेशीच्या दोन खांबांमध्ये आडवा टांगलेला. बैल पळत येतात, आणि जो पहिला ती कर तोडून पलीकडं जातो त्याला त्या सालचा मान. त्याच्या मालकाला फेटा. एवढंच नाही, त्याच्या रंगावरून साल कसं जाणार तेही ठरतं. पांढरा आला तर शाळू पिकणार, तांबडा आला तर तूर. सगळं गाव दोन्ही बाजूंना उभं होतं. लालासाहेब हरण्याचा कासरा धरून आणि हंबीरराव आपला पांढरा धरून, दोघं खुणेची वाट पाहत होते. खूण करायचा मान नानासोंचा. ते सर्वांत जुने, दर साली कर तेच वळायचे. त्यांनी हात वर केला.

तेवढ्यात पाणंदीतून एक निळी-पांढरी गाडी, आवाज न करता, आली.

लोकांनी पाहिलं ते उजवीकडं, कारण आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. तिथं माणूस नव्हता. तिथं सीटच्या पाठीवर पाय रोवून, पंख पसरून, समोर नजर लावून एक कोंबडी उभी होती.

"आरं कोंबडी चालिवतीया," कुणीतरी शांतपणे म्हणालं. मग लोक बाजूला झाले.

वरद डावीकडून हातवारे करत ओरडत होता, पण तो क्लीनर असावा असं समजून त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. हरण्या शहाणा, दोन पावलं मागं सरला. पांढरा बैल हंबीररावांना ओढत उसात गेला. गाडी दोघांच्या मधून गेली, कर तिच्या काचेवर ताणली गेली, क्षणभर तिनं विचार केला आणि तुटली. गळ्यात गवताचा हार आणि पुढं लोंबणारे नारळ अशा थाटात गाडी वेस ओलांडून गेली आणि उकिरड्यात नाक खुपसून थांबली.

कुणाला काही लागलं नाही. अंडीसुद्धा फुटली नाहीत. वरद दार उघडून उतरला तेव्हा घोट्यापर्यंत शेणात उतरला, आणि त्याला वाटलं, एवढ्यावर निभावलं तर बरं.

निभावलं नाही. गाव जमा झालं.

"कर तुटली," नानासो म्हणाले. "आता ती परत बांदता येत न्हाई."

"पन बैलानं कुठं तोडलीया?" हंबीरराव उसातून बाहेर येत म्हणाले. त्यांच्या धोतराला पाचट चिकटलं होतं.

"बैलच पायजे आसं कवा ठरलं हुतं?"

यावर बराच काथ्याकूट झाला. असं कधीच ठरलेलं नव्हतं, कारण ठरवायची वेळच आली नव्हती. मग रंगाचा प्रश्न निघाला.

"वर पांढरी हाय, म्हंजी शाळू यील."

"आन् खाली निळी हाय त्येचं काय? निळं पीक कुठलं आसतंय?"

 मग द्राक्षाची बाग असलेला एक जण खिन्नपणे म्हणाला, "निळं म्हंजी मोरचूद. औंदा बागंवर फवारून फवारून मरायचं, दुसरं काय." त्यानं वरदकडं असं पाहिलं की वरदनं पानावरचा रोग हवेतल्या दमटपणामुळं येतो हे सांगायला उघडलेलं तोंड मिटलं.

"मान लालासाहेबांचा," कुणी म्हणालं. "गाडी त्येंच्या शेडातली."

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले. "म्या ती जावयाला दिली हुती. खोटं सांगनार न्हाई."

"म्हंजी मान सातारला गेला," हंबीरराव म्हणाले. आपला बैल हरला याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. हरण्या जिंकला नाही, यातच त्यांचं भागलं होतं. "घ्या, बांदा फेटा पाव्हन्याला."

फेटा लालासाहेबांनीच बांधला. तो हरण्यासाठी आणलेला गुलाबी फेटा होता, म्हणजे हरण्याच्या मालकासाठी, म्हणजे त्यांच्याच डोक्यासाठी.  त्यांनी तो इतका आवळून बांधला की वरदच्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि पुढचा सगळा वेळ तो आश्चर्य वाटल्यासारखा दिसत राहिला. बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं. कुणीतरी दोन्ही आरशांना गोंडे बांधले. आणि मग नानासोंनी शेवटचं सांगितलं. मानाचं जनावर पुढच्या बेंदरापर्यंत वेशीबाहेर जात नाही. इथं ते जनावर म्हणजे गाडी. ती इथंच राहणार.

सडकेवर धुळानं हे ऐकलं, भाडं मागितलं नाही, फक्त "पुढच्या वर्षी सांगा," म्हणाला आणि रिकामा ट्रक वळवून गेला.

दुपार कलली तेव्हा वरद गोठ्यात गेला. लालासाहेब हरण्याला पुरणपोळी भरवत होते. तुकडा मोडायचे, तुपात बुडवायचे, त्याच्या तोंडापुढं धरायचे.

"आबा," वरद म्हणाला. तो त्यांना पहिल्यांदाच आबा म्हणाला. "माझं चुकलं."

लालासाहेबांनी वळून पाहिलं नाही. "मला काय सांगताय? म्या कुठं पळनार हुतो?"

वरदला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हरण्यापुढं जाऊन उभा राहिला. अंगावर प्रयोगशाळेत घालायचा शर्ट, पायाला वाळलेलं शेण, डोक्यावर बैलाचा फेटा. त्यानं हात जोडले.

"चुकलं," तो बैलाला म्हणाला. "माफ कर."

हरण्यानं घास चावला, वरदच्या फेट्याला फुंकर मारली आणि पुन्हा लालासाहेबांच्या हाताकडं तोंड वळवलं.

"उनाळाभर अंडी घातली त्येला," लालासाहेब हळूच म्हणाले. "आन् हरवलं कुनी, तर कोंबडीनं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वरदला बरं वाटलं असतं. मग त्यांनी उरलेली पोळी वरदच्या हातात दिली. वरदनं ती हरण्याला भरवली. जावयाच्या हातात त्यांनी एवढंच दिलं.

परतीच्या एसटीत फेटा सुटेना. गाठ लालासाहेबांची, फौजेतली. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, "लग्न कुणाचं?" वरदनं सुटे पैसे मोजून दिले. कऱ्हाडपर्यंत साक्षी खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "सकाळी वडाला फेऱ्या घालताना मागून टाकलं होतं. सात जन्म हाच नवरा दे म्हणून."

वरदनं फेट्याची गाठ चाचपली.

"दुपारपर्यंत थांबायला हवं होतं," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. पण तिचा खांदा हलत होता, आणि ती रडत नव्हती.

"तू सांगितलं होतंस," वरद म्हणाला.

"हो."

"मी चंद्राचं बोललो."

"चंद्र एकच आहे," साक्षी म्हणाली. "त्यात तुमचं काही चुकलं नाही."

याच्याइतकं लाजवणारं दुसरं काही त्या दिवशी त्याला कुणी म्हणालं नव्हतं, आणि दिवस काही लहान गेला नव्हता.

दोघं गोडोलीला पोचली तेव्हा इमारतीसमोर सगळी बिऱ्हाडं उभी होती. भगदाडाच्या दोन्ही बाजूंना मधुकाकांनी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, गाडी कुठून आत यायची ते दाखवायला. गोदावरीकाकू औक्षणाचं ताट घेऊन, नारळ घेऊन तयार. त्या रुंद भगदाडातून, दोन चुन्याच्या रेघांच्या बरोबर मधून, गुलाबी फेटा बांधलेला वरद चालत आला.

"गाडी?" मधुकाकांनी विचारलं.

"ती तिकडं पहिली आली," साक्षी म्हणाली. "म्हणून ठेवून घेतलीय."

"पहिली? कशात?"

साक्षी पिशवी घेऊन जिन्याकडं निघाली. ताट तयार होतं, दिवा लावलेला होता. आता तो फुकट घालवण्यात अर्थ नाही असं ठरवून गोदावरीकाकूंनी वरदलाच ओवाळलं, आणि वरदनं मान खाली घालून ओवाळून घेतलं. नारळ मधुकाकांनी त्याच्या पायाशी फोडला.

"बरं, मग उद्या गवंडी बोलावतो," मधुकाका म्हणाले. "भिंत बांधून घेऊ."

"नको," वरद म्हणाला. "आता पुढच्या बेंदरापर्यंत असू दे."

साक्षी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली.

"कुठल्या बेंदरापर्यंत?" तिनं विचारलं.

"तुमच्या," वरद म्हणाला, आणि फेट्याची गाठ सोडवायला तिच्यापुढं डोकं वाकवून उभा राहिला.